दोन्ही अंगांचं वजन

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "पाठीवर रोज काय वाहता?"

"फार काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी कोपऱ्यातला वजनकाटा पायाने पुढे सरकवला आणि माझी सॅक त्यावर ठेवायला सांगितली. काटा साडेआठ किलोवर थांबला. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, चष्म्याचं घर, आणि अकरावीच्या दोन तुकड्यांचे फिजिक्सचे पेपर. कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर सरकली होती. "मोटरसायकल चालवा हवी तर," डॉक्टर म्हणाले, "पण पाठीवर काही घ्यायचं नाही."

बंगळूरला येऊन मला बावीस वर्षं झाली. बनशंकरीत घर, होसूर रस्त्यावर कॉलेज, एका बाजूने वीसेक किलोमीटर. मधे सिल्क बोर्डचा चौक. तिथे चारचाकीवाले पुस्तक वाचून संपवतात असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हणतात. बस बदलत गेलो तर पावणेदोन तास आणि सगळा वेळ उभं राहणं. तेव्हा गाडी सोडणं शक्य नव्हतं. पाठीवरचं ओझं गाडीवर चढवणं एवढाच मार्ग होता.

फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. सॅक पाठीवर असते तेव्हा वजन गाडीच्या सगळ्यात वरच्या टोकाला असतं. ब्रेक दाबला की ते पुढे यायला बघतं, आणि त्याला अडवायचं काम कंबर करते. खड्ड्यात चाक आपटलं की त्याचा धक्का तिथेच पोचतो. तेच साडेआठ किलो सीटच्या खालच्या पातळीला, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे वाटले, तर गाडीला त्याची दखलही लागत नाही. दरवर्षी गुरुत्वमध्याचा धडा शिकवून खाली उतरायचो आणि सॅक खांद्याला अडकवायचो.

बाजारात तीन प्रकार दिसले. पहिला म्हणजे कडक पेट्या. कुलूप लागतं, पाऊस शिरत नाही. पण पेट्या आणि त्यांची चौकट मिळून वजन बरंच होतं, आणि गाडी इतकी रुंद होते की सिग्नलला दोन रिक्षांमधून निघायचं विसरायचं. दुसरा, मागच्या सीटवर बांधायची एकच मोठी पिशवी. पण मग मागे कुणाला बसवता येत नाही आणि वजन पुन्हा वरच. तिसरा, सीटवरून आडवी टाकायची जोडपिशवी. दोन पिशव्या, मधे पट्टे, आणि मुक्कामी पोचलं की काढून हातात घेता येतील अशी सोय.

ही जोडपिशवी पाहिली आणि मला आमच्याकडचा पडशी हा शब्द आठवला. खांद्यावर टाकायची, पुढे एक पोट आणि मागे एक पोट असलेली पिशवी. फारसीत घोड्यावर, खेचरावर टाकायच्या अशाच जोडपिशवीला खुर्जीन म्हणतात. लमाणांचे बैल धान्य आणि मीठ वाहायचे तेही दोन्ही अंगांना गोण्या टाकूनच. ज्याला पाठ आहे त्याच्यावर ओझं टाकायची हीच रीत. मी मात्र ती सत्तावीसशे रुपयांना नव्याने विकत घेत होतो.

घाईत घेतली आणि घाईतच बांधली. सीटवरून पट्टे टाकले, खाली ओढून घट्ट केले, दोन्ही बाजूंना समान लोंबतात ना एवढं पाहिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी बोम्मनहळ्ळीजवळ जळका वास आला. मला वाटलं शेजारच्या ट्रकचा क्लच. सिग्नलला थांबल्यावर मागच्या स्कूटरवरची मुलगी ओरडून म्हणाली, "अंकल, बॅग, बॅग!"

माझ्या सव्वाशे सीसीच्या गाडीचा सायलेन्सर उजव्या अंगाला आहे. रस्त्याच्या धक्क्यांनी उजवी पिशवी सरकत सरकत त्याच्यावर जाऊन टेकली होती. नायलॉन वितळून सायलेन्सरला चिकटलं होतं, त्याला पडलेलं भोक तळहाताएवढं, आणि आत पेपरांचा गठ्ठा. पाणी ओतलं. आग नव्हतीच, नुसती धग. पण अकरा उत्तरपत्रिकांचा कोपरा करपला होता. तीन जणांची शेवटची दोन उत्तरं गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते पेपर घेऊन उभा राहिलो. प्राचार्यांना आधी सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्या तिघांची तोंडी परीक्षा घ्या म्हणाले. वर्गाला काय सांगावं ते ठरत नव्हतं. शेवटी जे झालं तेच सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे कंडक्शन की रेडिएशन?" सगळे हसले, मीही हसलो. पण ज्या मुलीचं सहा मार्कांचं उत्तर जळलं होतं ती हसली नाही. ती पहिल्या बाकावरची होती. तिच्याकडे बघताना मला उगीचच माझा अकरावीचा वर्ग आठवला. तो विषय मी पुष्कळ वर्षं टाळत आलो होतो.

शनिवारी जे. सी. रोडला गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांचा हा जुना बाजार. तिथल्या एका बोळात सीटकव्हर शिवणारा एक दुकानदार आहे; आमच्याशी दख्खनीत बोलतो. त्याने जळकी पिशवी उलटसुलट केली.

"क्या सर, बैग की क्या गलती? इसकू टिकने कू कुछ दिये इच नहीं आप."

मग त्याने मला गाडीभोवती फिरवलं. डाव्या अंगाला साडी गार्ड होता. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. साडी नेसून एका अंगाला बसणाऱ्या बायकांसाठी केलेली सोय माझ्या डाव्या पिशवीला आधार देत होती, म्हणून ती शाबूत राहिली. उजवीकडे मात्र पिशवी आणि सायलेन्सर यांच्यात हवेशिवाय काही नव्हतं.

त्याने दोन्ही बाजूंना लोखंडी कांब्यांची चौकट बसवली. वरचं टोक शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टला, खालचं मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला. पिशवी मागे झुकू नये आणि सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब राहावी एवढंच तिचं काम. नवी पिशवी त्यानेच निवडून दिली. नायलॉनची नाही, ताडपत्रीसारख्या जाड कापडाची, चेनऐवजी तोंड गुंडाळून बंद करायची. "चेन में से पानी घुसताच, सर. बेंगलूर की बारिश शाम कू आती, आपके घर जाने के टाइम पे."

मग सीटचे बोल्ट काढून सीट उचलली. पट्टे सीटवरून नव्हे, सीटच्या खालून, चासीवर आडवे घ्यायचे. वायरींच्या जुडग्यावर दाब येता कामा नये. सीट परत बसवल्यावर पट्टे तिथेच कायमचे राहतात. पिशव्या त्यांना बकलने अडकवायच्या. खालचा एक पट्टा चौकटीला, म्हणजे वाऱ्याने पिशवी फडफडत नाही. लोंबणारी टोकं गुंडाळून आत खोचायची. सुटं टोक चेनमध्ये किंवा आऱ्यांत गेलं तर चाक जाम होतं, आणि मग पाठीच्या चकतीची चिंता करायला माणूस उरत नाही. शेवटी त्याने मला मागे उभं करून इंडिकेटर लावून दाखवले, ते झाकले जात नव्हते. पिशव्यांची रुंदी हँडलच्या टोकांच्या आत होती. "जिधर से हैंडल निकला, उधर से बैग बी निकलती," तो म्हणाला.

पैसे देताना मी चौकटीकडे पाहत होतो. कांबीचा वाक, वेल्डिंगचा डाग, काळा रंग. हे मी आधी पाहिलं होतं.

आमचं गाव कोल्हापूरपासून चौदा किलोमीटरवर. आबांनी जुनी राजदूत घेतली तेव्हा मी सहावीत होतो. राजदूत म्हणजे दूधवाल्यांची गाडी. एकशे पंचाहत्तर सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, लांबून आवाजावरून ओळखू यायची. आबांनी तिला दोन्ही अंगांना लोखंडी हुक वेल्डिंग करून घेतले आणि त्यांवर ॲल्युमिनियमचे दोन-दोन कॅन. पहाटे चारला गावातलं दूध गोळा करायचं, साडेपाचला शिवाजी पेठेत रतीब सुरू. त्यांची एक पद्धत होती. एका घरी डाव्या कॅनमधलं दूध घालायचं, पुढच्या घरी उजव्या. घरं त्याच हिशोबाने लावलेली. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सांडलं तर सांडू दे, पर गाडी एका अंगाला कलू द्यायची न्हाई."

अकरावीला मी कोल्हापुरात कॉलेजला गेलो. आबा सकाळी मला गाडीवरून सोडायचे. कॅनमुळे पाय खाली सोडता यायचे नाहीत, गुडघे छातीशी घेऊन बसायचो. कपड्यांना दुधाचा आंबूस वास. वर्गातल्या मुलांनी माझं नाव पाचवा कॅन ठेवलं होतं.

त्या वर्षी फिजिक्समध्ये मी कॉलेजात पहिला आलो. बक्षीस समारंभाला पालकांना बोलावलं होतं, दुपारी एक वाजता. मी आबांना म्हटलं, "येताना ते कॅन काढून या."

"कॅन काढून ठिवू कुठं? आन हुक तर वेल्डिंगचा हाय. त्यो निघत न्हाई."

"मग नका येऊ."

ते आले. धुतलेला सदरा, टोपी, घामाने भिजलेली मान. मागच्या रांगेत बसले. कार्यक्रम संपल्यावर पाहिलं तर फाटकाशी गाडी नव्हती. त्यांनी ती अर्ध्या मैलावर, ओळखीच्या एका किराणा दुकानाच्या आड लावली होती आणि मार्चच्या उन्हात चालत आले होते. परत जाताना मी त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत चाललो. दोघंही काही बोललो नाही. पुढे मी त्याच विषयात एम.एस्सी. केलं, नोकरी लागली, इकडे आलो. तो दिवस मात्र कधी काढला नाही. त्यांनीही नाही.

गेल्या नोव्हेंबरमध्ये आबा बंगळूरला आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. पंचाहत्तरी झाली तरी रात्रभर बसने एकटेच आले. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला रिक्षाने जाऊ म्हटलं तर, "गाडी हाय न्हवं तुझी?"

मागे बसणाऱ्यालाही इथे हेल्मेट लागतं. टोपी काढून त्यांनी घडी करून खिशात ठेवली आणि हेल्मेट घातलं. पिशव्या होत्या तर त्यांना पाय टाकून चढता आलं नसतं. मी खाली बसलो, चार बकलं सोडली, दोन्ही पिशव्या उचलून जिन्यात ठेवल्या. अर्धा मिनिट लागला असेल. आबा वाकून बघत होते. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून कांबीवरून हात फिरवला.

"हुक ऱ्हायला की रं."

"हुक राहतो, आबा. पिशव्या तेवढ्या निघतात."

त्यांनी सीटखालून आलेला पट्टा ओढून पाहिला. बकल दाबलं, सोडलं, परत दाबलं. "चांगलं केलंय," म्हणाले. मग मागच्या चाकाशी उभं राहून गाडी दोन्ही हातांनी डावीउजवीकडे किंचित हलवली. राजदूतला लोड भरल्यावर ते रोज असंच करायचे.

मी म्हटलं, "आबा, त्या बक्षिसाच्या दिवशी मी तुम्हाला..."

"कवाच्या?"

"अकरावीच्या. तुम्ही गाडी लांब लावली होती."

ते हेल्मेटचा पट्टा शोधत होते. मी तो लावून दिला.

"दुपारची येळ हुती," ते म्हणाले. "कॅनात तळाला दूध ऱ्हायलं हुतं, उनानं नासलं असतं. सावली बघून लावली गाडी. चल, उशीर हुतोय."

शिवाजी पेठेतला रतीब नऊला संपायचा. दुपारी एक वाजता त्या कॅनांत कधीच दूध नसायचं, हे मला माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असणार. मी गाडी सुरू केली.

दवाखान्यापर्यंत पस्तीस मिनिटं लागली. सुरुवातीला त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. बनशंकरीचा बसस्टँड ओलांडल्यावर तो निघाला. मला वाटलं दमले असतील. सिग्नलला डाव्या आरशात पाहिलं तर त्यांचं कोपर मागे वळलेलं दिसलं. पोचल्यावर उतरताना कळलं, सगळा रस्ता त्यांनी चौकटीची ती कांब धरली होती.