कागदी अग्निबाण

'अग्निबाण' हा शब्दच असा भारदस्त आहे, की त्याला 'कागदी' हे विशेषण जोडताना थोडा संकोच वाटतो. काटेकोरपणे पाहू गेल्यास आमच्या वर्गातला बाण अग्निबाण नव्हेच. खरा अग्निबाण पोटातला वायू मागे फेकीत पुढे जातो; हा बिचारा मुलांच्या फुंकरीवर स्वार होतो. पण हवेत सरळ कसे जावे, हा प्रश्न दोघांनाही सारखाच पडतो.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा तेथले कामकाज एका जुन्या चर्चमध्येच चाले. आमचे साहित्यही घरचेच: पेन्सिलीभोवती गुंडाळलेला पाठकोरा कागद, खळीने मिटविलेले टोक, शेपटीला तीन पंख आणि फुंकायला शीतपेयाची नळी.

पहिल्या दिवशी बहुतेक बाण कोलांट्या खात पायाशीच पडले. बाणाचा तोल ज्या बिंदूवर साधतो तो पुढे हवा, आणि हवेचा दाब जेथे एकवटतो तो मागे, हे मी फळ्यावर रेखाटले. ते कोणाच्या मनावर ठसलेसे दिसले नाही. एका मुलीने मात्र टोकात दोन सरक्या कोंबल्या. कापसाच्या मुलखात सरकीला काय तोटा! बाण सुतासारखा सरळ गेला. मग साऱ्या वर्गाने सरक्या भरल्या, कोणी सहा, कोणी आठ. ते जड बाण पुन्हा जवळच पडले. हैदर-टिपूंच्या लोखंडी बाणांना लांब बांबू बांधीत, तो दिशा सावरण्यासाठीच, ही गोष्ट मुलांनी त्या दिवशी कान देऊन ऐकली.

एका मुलाचा बाण सर्वांत देखणा, रंगविलेला. त्याच्या तीन फेका नऊ, चार आणि नऊ पावले अशा झाल्या. वहीत मात्र दोनच आकडे.

"चारची फेक खरी नव्हती, सर. वारा आला होता."

"मग चारही लिही, आणि वाराही लिही."

तो रुसला, पण त्याने लिहिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो स्वारी खिडक्या-दारे लावून वर्गात एकटीच बाण उडवीत होती. वीस फेका, वीस आकडे. त्यांत चार पाच वेळा आलेला! वारा निर्दोष ठरला. मग त्याने बाण डोळ्यांजवळ नेला. एक पंख खळीतून सुटून डुलत होता.

"नवा पंख लावला तर पान नवे घ्यायचे का, सर?" त्याने विचारले.