चार कपाटांचे अंतर

विद्यापीठातील विद्यार्थी ग्रंथालयाकडे फिरकत नाहीत, ही तक्रार प्राध्यापकांच्या बैठकींतून नेहमी ऐकू येते. मीही ती अनेकदा केली आहे. परंतु विद्यार्थ्याला ग्रंथालय आपले केव्हा वाटू लागते, याचा विचार करू लागले की मला माझी कोलकात्यातील विद्यार्थिदशा आठवते आणि तक्रारीचा सूर आपोआप खाली येतो.

१९८३ साली मी पुण्याहून या शहरात आले. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला येथे यावेसे वाटावे, अशी या शहराची परंपरा आहे. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९१९ साली कलकत्ता विद्यापीठात भारतीय भाषांचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला. १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी यादवपुरात तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला. ज्या ग्रंथालयात माझे दिवस गेले, त्याचे नाव सांगण्याचे मात्र कारण नाही. कारण पुढील हकीकत कोठेही घडू शकली असती.

रमेशचंद्र दत्त यांची १८७८ सालची ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ ही बंगाली कादंबरी आणि हरि नारायण आपटे यांची ‘उषःकाल’ या दोहोंचा मला एकत्र विचार करावयाचा होता. दोहोंचा विषय शिवकाल, आणि दोहोंच्या नावांत पहाट. पहिली कादंबरी तत्काळ मिळाली. दुसरीचे कार्ड मराठीच्या खणात नव्हते. तीन वेळा चौकशी केली, तिन्ही वेळा ‘नाही’ हेच उत्तर आले. चौथ्या खेपेस एका वयस्क सहायकांनी माझ्याकडे पाहिले, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि म्हणाले, “दिदी, आत येऊन तुम्हीच पाहा.”

हिंदीच्या कपाटांत मराठी पुस्तके दाटीवाटीने उभी होती. लिपी देवनागरी, म्हणून भाषा हिंदी, असा कोणीतरी कधीकाळी केलेला हिशेब! ‘उषःकाल’ तेथेच होती. बंगाली कादंबरीपासून अवघ्या चार कपाटांच्या अंतरावर. दोन पहाटा एका छपराखाली वर्षानुवर्षे राहत होत्या, पण त्यांची ओळख करून देणारा कोणी नव्हता.

पुढचे तीन आठवडे दुपारच्या वेळी आम्ही दोघांनी ती पुस्तके निवडली. मी भाषा सांगावी, दादांनी पेन्सिलीने खूण करावी आणि पुस्तक मराठीच्या कपाटात न्यावे. त्या धुळीत मला प्रथमच वाटले, की हे ग्रंथालय माझे आहे. तोवर मी तेथे पाहुणी होते. आता घरात माझ्या हातून काही काम झाले होते.

१९२८ साली कोलकात्यात भरलेल्या ग्रंथालय परिषदेसाठी लिहिलेल्या भाषणात रवींद्रनाथांनी ग्रंथालयाचे मोठेपण संख्येत नसून आतिथ्यात असते, असा विचार मांडला. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांत वाचकाइतकीच ग्रंथाचीही बाजू घेतली आहे. या दोन्ही विचारांविषयी मला आदर आहे. तथापि अनुभवाने एवढे जोडावेसे वाटते, की विद्यार्थी केवळ आतिथ्याने ग्रंथालयाचा होत नाही. पाहुणा कितीही सुखावला तरी संध्याकाळी निघून जातो.

बेलव्हेडिअरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गोष्ट वेगळी. १९५४ च्या कायद्यान्वये देशभरातील प्रकाशकांची पुस्तके तेथे पाठवावी लागतात. त्यात मराठीही आली. ते साऱ्या राष्ट्राचे आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय मात्र दोन तासिकांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर भेटते; त्याच्याशी नाते जडायचे ते रोजच्या सहवासातूनच.

पुढे मी याच शहरात शिकवू लागले. नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय ‘दाखविण्याची’ प्रथा होती: रांगेने आत जावे, नियम ऐकावेत, रांगेने बाहेर यावे. मी ती मोडली आणि प्रत्येकाला एकेक कपाट वाटून दिले. कपाटातील पुस्तके आता संगणकावर आलेल्या सूचीशी ताडून पाहावयाची, एवढेच काम.

एके दिवशी पुरुलियाहून आलेली एक विद्यार्थिनी एक पुस्तक घेऊन आली. सूचीत त्याची भाषा हिंदी होती. “दिदी, मला हिंदी वाचता येते,” ती म्हणाली, “पण हिंदीत हे अक्षर कोठे असते?” तिचे बोट ‘ळ’वर होते. पुस्तक ‘उषःकाल’च.

तेव्हा ध्यानात आले, की आम्ही पुस्तके हलविली होती, पण कार्डे बदलावयाची राहून गेली होती. तीच कार्डे पुढे संगणकात उतरली. सूची वाचकाला हिंदीच्या कपाटाकडे पाठवीत होती आणि पुस्तक तेथे नव्हते. माझ्या उत्साहानेच ते हरवले होते. मी तीन वेळा ऐकलेला ‘नाही’ त्यानंतर किती जणांनी ऐकला असेल!

मी तिला हे सारे सांगितले. ती क्षणभर थांबली, मग हसून म्हणाली, “म्हणजे तुमचे काम अर्धे राहिले होते.” आणि दुरुस्तीचा अर्ज मागण्यासाठी ती ग्रंथपालांच्या खोलीकडे वळली. दारावर टकटक न करताच ती आत गेली. मी तिला शिष्टाचार शिकवावयास हवा होता. पण आपल्या घरात शिरताना कोणी दार वाजवीत नाही, हे आठवून गप्प राहिले.