सिरीजचा बल्ब

खामगाव-चिखली रस्त्यावरच्या आमच्या अमडापुरात 1980 च्या आसपास विजेची भीती दोन प्रकारची होती. एक जिवाची, दुसरी वस्तूची. जिवाची भीती लोक विसरायचे. ओल्या हातानं बटण दाबणारे आणि तारेवर आकडा टाकून मोटर चालवणारे काही कमी नव्हते. वस्तूची भीती मात्र पक्की. रेडिओ यायचा तो कापसाचे चुकारे हातात पडल्यावर. त्याचं पोस्टातून लायसन्स काढलेलं असे, त्यावर क्रोशाचं झाकण असे, आणि लाईन गेली की घरातलं कोणीतरी शहाणं माणूस उठून त्याची पिन काढून ठेवी. लाईन गेल्याचं कोणाला काही वाटत नसे. ती परत येताना कशी येईल, याची धास्ती असे. डीपीकडून येणारी न्यूट्रल तुटली की 230 व्होल्टच्या घरात 400 च्या आसपास व्होल्ट घुसू शकतात. अशा वेळी आळीतले बल्ब झगझगून उठत आणि एकामागोमाग एक जात. ज्यांची पिन काढलेली असे, त्यांच्याकडेच मग संध्याकाळी आकाशवाणीचं नागपूर 'अ' लागे.

गावातल्या रेडिओ मेकॅनिकचं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतीला ठोकलेली लाकडी पट्टी. त्या पट्टीवर एक होल्डर, होल्डरात 100 वॉटचा बल्ब, शेजारी सॉकेट. बल्ब आणि सॉकेट सिरीजमध्ये. दुरुस्त झालेला सेट थेट लाईनवर लावायचा नाही, आधी या बल्बातून लावायचा, हा त्या टेबलावरचा कायदा. आत कुठं शॉर्ट राहिला असेल तर बल्ब लख्ख पेटे, सगळा भार अंगावर घेई आणि सेट वाचे. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होई. आम्ही पोरं रेडिओतल्या गाण्यापेक्षा हा बल्ब पाहायला जात असू. तो मंदावला की गिऱ्हाइकाचा चेहरा उजळे. पैसे देताना घासाघीस होई ती त्यानंतर.

त्या टेबलावरचं बाकीचं वागणंही असंच जपून. सोल्ड्रॉनची 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न, नाशिकच्या मोटवाने कंपनीचं काट्याचं मीटर, आणि एक मगरक्लिप, जी जोडण्यासाठी नव्हतीच. एसी 128 सारखा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेला भारी नाजूक. त्याचा पाय सोल्डर करताना वर ती क्लिप लावायची, म्हणजे उष्णता क्लिपमध्ये जाते, ट्रान्झिस्टरमध्ये चढत नाही. ट्रान्झिस्टर अकोल्याहून नाहीतर खामगावहून आणावा लागे. एसटीचं भाडं आणि एक दिवस मोडे. म्हणून क्लिप लावायला कोणी विसरत नसे.

पुढं गणपतीत नाचणाऱ्या लाइटिंगचा जमाना आला. 555 हा टायमर आणि सीडी 4017 हा काउंटर, दोन आयसी, दहा ओळींत पळणारे दिवे. 4017 येई तो काळ्या स्पंजात पाय रुतवलेला. तो स्पंज वीज वाहून नेणारा असतो, सगळ्या पायांना एकाच पातळीवर धरतो, म्हणून अंगातली स्थिर वीज आयसीला मारत नाही. आम्हाला तो नुसता स्पंज वाटे. पाटीवरची पेन्सिल पुसायला त्याचा उपयोग व्हायचा.

आता काळ किती बदलला ते पाहा. इटलीतल्या इव्हरेआ गावात 2005 मध्ये विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा, प्रोग्राम चढवता येणारा छोटा सर्किट बोर्ड निघाला. 2010 मध्ये त्याचा 'उनो' आला. 2014 मध्ये वायफाय असलेली ईएसपी 8266 ही स्वस्त चिप आली, पाठोपाठ ईएसपी 32. आपल्याकडे तर त्याही आधी, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात 2002 साली फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून पाहायची कार्यशाळा, उभी राहिली होती. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. खेड्यातल्या पोरांनी सर्किट स्वतः बनवावं ही कल्पना महाराष्ट्राला मोबाईलनं शिकवलेली नाही. 2016 नंतर अटल टिंकरिंग लॅबमधून हे बोर्ड शाळांत पोचले, आणि आता चारेकशे रुपयांत मोबाईलवरून मागवता येतात. आमच्याकडची पोरं त्यावर मातीचा ओलावा मोजतात, टाकीची पातळी पाहतात, मोटरचा स्टार्टर मोबाईलवरून दाबायची स्वप्नं बघतात. रात्रपाळीच्या थ्री-फेजनं ज्याच्या बापाची झोप गेली आहे, त्या पोरानं हे करावं यात नवल काय?

पण हे बोर्ड जळतात कसे, ते जुन्या माणसाला चटकन कळत नाही. पुतण्या नववीत आहे. परवा टाकीचं सेन्सर लावलेला बोर्ड घेऊन आला.

"काका, गेला वाटते बोर्ड."

"धूर निघाला? वास आला?"

"नाही ना. कालपर्यंत चालू होता."

आमच्या वेळी जळणं म्हणजे धूर, भाजल्याचा वास, काळा पडलेला रेझिस्टर, फुगलेला कॅपॅसिटर. वस्तू आपलं मरण सांगून जाई. या चिपचा एखादा पायच मरतो, बाकी चिप जिवंत असते. दिवा लुकलुकतो, प्रोग्राम चढतो, फक्त सेन्सरचा आकडा वेडावाकडा येतो, आणि पोरगं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं. पुतण्याच्या बोर्डात झालं होतं ते असं: एचसी-एसआर 04 हे आवाजानं अंतर मोजणारं सेन्सर 5 व्होल्टवर चालतं आणि त्याची 'एको' पिन 5 व्होल्टच परत देते. ईएसपी 32 चा पाय मात्र 3.3 व्होल्टचा. असा बोर्ड काही दिवस चालतोही, म्हणूनच फसवतो. मध्ये 1 किलोओहम आणि 2 किलोओहम असे दोन रेझिस्टर टाकले की 5 चे 3.3 होतात. किंमत एखाद-दोन रुपये.

जुन्या सवयींचं गुणगान करायला बसलो आहे खरा, पण त्यातल्या काही सवयी या बोर्डांच्या जिवावर उठतात, हेही सांगितलं पाहिजे. वायरीत करंट आहे का पाहायला दोन टोकं एकमेकांना घासून ठिणगी पाडणं, ही आमच्या पिढीची लाडकी परीक्षा. मोटरसायकलच्या बॅटरीवर ती खपून जायची. बोर्डाच्या 5 व्होल्टवर ती केली की पुरवठा दणकन खाली येतो, वर उसळतो, आणि चिप मधल्या मध्ये सापडते. चालू सर्किटमध्ये हात घालून वायर बदलणं हेही तसंच. ब्रेडबोर्डवरची जम्पर वायर हवेत लोंबते, तिचं टोक शेजारच्या भोकाला टेकलं की 12 व्होल्ट 5 च्या घरात. उनोवरच्या एटीमेगा 328 ला 6 व्होल्टच्या वर सोसत नाही.

एलिमिनेटर आठवतो? सेलच्या जागी लावायचा काळा डबा, त्यावर 3, 4.5, 6, 7.5, 9, 12 असे आकडे फिरवायचे, आणि पिन उलटी लावून प्लस-मायनस बदलायची सोय. त्यावर 9 लिहिलेलं असलं तरी भार नसताना मीटर 12-13 दाखवी. टेपरेकॉर्डरला त्याचं काही वाटत नसे. असला एक एलिमिनेटर अजून अनेक माळ्यांवर पडलेला आहे आणि पोरांच्या हाती लागतो. उनोच्या गोल सॉकेटला उलट्या पिनेपासून वाचवणारा डायोड असतो, पण शेजारच्या 'विन' आणि '5 व्ही' या पिनांना तो नाही. '5 व्ही' वर बाहेरून वीज दिली की मधला रेग्युलेटरही मदतीला येत नाही. थेट चिपवर.

सिरीजचा बल्ब मात्र आजही आहे, फक्त दिसत नाही. उनोच्या यूएसबी वाटेवर 500 मिलिअँपिअरचा एक फ्यूज असतो. शॉर्ट झाला की तो तापून वाट बंद करतो आणि थंड झाला की आपोआप पूर्ववत होतो. स्वस्त नकलेत तो बऱ्यापैकी असेलच याची खात्री नाही. त्यामुळं नवं सर्किट पहिल्यांदा जोडताना करंटची मर्यादा लावता येणाऱ्या पुरवठ्यावर, नाहीतर निदान यूएसबी मीटरमधून जोडावं. एका पायातून 20 मिलिअँपिअर ही समजूतदार मर्यादा, 40 ही चिपची शेवटची. एलईडीला 220 ओहमचा रेझिस्टर लागतोच. छोटीशी मोटर थेट पायावर लावली तर तो पाय गेलाच समजा. मध्ये ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन 2003 टाकावी.

चक्की सुरू झाली की रेडिओत खर्रर्र व्हायचं. शेजारचा स्टार्टर पडला की टक् आवाज यायचा आणि आजी म्हणायची, "मोटर बंद केली वाटते." मोटरची कॉइल वीज तुटताना उलटा झटका देते, तोच तो आवाज. आज त्याच झटक्यानं पोरांचा बोर्ड मधूनच रिसेट होतो आणि ती पुन्हा प्रोग्रामला दोष देतात. बोर्डाच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेची कॉइल लहान, पण तिचा झटकाही शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. कॉइलवर उलटा लावलेला 1एन 4007 डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे, तो झटका जागीच गिळतो. बाजारात मिळणाऱ्या रिलेच्या तयार मॉड्यूलवर तो असतो. सुटी रिले घेणाऱ्यानं स्वतः लावावा. रिलेच्या पलीकडे 230 व्होल्ट असतील तर ते काम पोरानं एकट्यानं करायचं नाही. वायरमन उभा पाहिजे.

हिवाळ्यातल्या रात्री ब्लँकेट ओढलं की अंधारात चटचट ठिणग्या दिसत. आम्ही भावंडं मुद्दाम ओढून पाहत असू. कोरड्या हवेत नायलॉन-टेरिलिन घासलं की अंगात हजारो व्होल्ट साठतात. माणसाला चटका कळतो तो साधारण तीन हजारांनंतर. चिपच्या आतला थर त्याच्या पुष्कळ आधी फाटू शकतो, म्हणजे आपल्याला काही न जाणवता तिला लागलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या उघड्या धातूला हात लावावा आणि बोर्ड कडेनं धरावा. पाटी पुसणाऱ्या त्या काळ्या स्पंजाची खरी किंमत मला इथं कळली.

पण अर्थिंग आहे कुठं? जुन्या वायरमननं अंगणात खड्डा खोदून मीठ-कोळसा भरून प्लेट पुरलेली असे, आणि उन्हाळ्यात त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं काम पोरांकडे. आता घरं स्लॅबची झाली, सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण वरच्या भोकामागं पुष्कळदा वायरच नसते. मग चार्जरला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात. करंट थोडा, पण तोच यूएसबीतून बोर्डात उतरून दुसरीकडून जमिनीत जायला वाट शोधतो. अर्थिंग तपासून होईस्तोवर लॅपटॉप बॅटरीवर ठेवून काम करावं, हा साधा उपाय.

आणि ढग गडगडले की टीव्हीच्या अँटेनाची वायर काढायची, ही सवय डिशबरोबर गेली. शेतातल्या सेन्सरपासून घरापर्यंत ओढलेली पन्नास मीटर वायर ही अँटेनाच आहे. जूनमध्ये ती काढून ठेवावी.

गावोगावचे जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक आता मोबाईलचे कव्हर आणि रिचार्ज विकतात, नाहीतर घरी बसलेत. तुमच्या शाळेत लॅब असेल तर मुख्याध्यापकांना सांगून त्यातल्या एकाला महिन्यातून एक दिवस बोलवा आणि रीतसर मानधन द्या. मीटर कसं धरायचं, प्लस-मायनस आधी का मोजायचं, पहिल्यांदा वीज देताना हात बटणावर का ठेवायचा, हे तो पोरांना एका दुपारात दाखवील. फक्त ठिणगी पाडून पाहायची नाही, एवढं त्याला आधी बजावा.