रिंगखालचा उंच गडी

वैद्यकीय महाविद्यालयात असताना मी बास्केटबॉल खेळत असे. उंची बेताची, म्हणून मला कायम बाहेर, तीन गुणांच्या रेषेपाशी उभे केले जाई. प्रतिस्पर्ध्याला मोकळा नेम मिळू द्यायचा नाही, एवढेच काम. रिंगखाली आमचा एक उंच मित्र असे. तो चेंडू हवेतच थोपवी आणि टाळ्या घेई. माझ्यामुळे जो नेम घेतलाच गेला नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नसे.

त्या टाळ्या अनाठायी नव्हत्या, हे आज मान्य करतो. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान बहुधा रिंगखालच्या उंच खेळाडूकडे जातो. फ्रान्सच्या रूडी गोबेरला तो चार वेळा मिळाला. १९९६ मध्ये गॅरी पेटन या गार्डला मिळाल्यानंतर पुढच्या गार्डला, मार्कस स्मार्टला, तो मिळेपर्यंत २०२२ साल उजाडले. रिंगजवळचा नेम सर्वांत सोपा असतो आणि तिथे उंच हात आडवा आला की तो खरोखरच चुकतो. लांबचा नेम एकदा हातातून सुटला की बाहेरच्या बचावपटूच्या हाती फारसे काही उरत नाही. तो नेम घेऊच न देण्यात त्याचे खरे मोल.

आरोग्याच्या पाक्षिकात हे पुराण कशासाठी? माझ्या आईसाठी.

आई एकोणऐंशी वर्षांची. दर रविवारी मी तिचा रक्तदाब मोजी, दर तीन महिन्यांनी साखर तपासी. गेल्या श्रावणात ती रात्री न्हाणीकडे जाताना पडली आणि खुब्याचे हाड मोडले. दाराजवळचा दिवा आठ दिवसांपासून बंद होता. न्हाणीची पायरी ओली होती. चपलेचा तळ झिजून गुळगुळीत झाला होता. आणि ज्या सर्दीच्या गोळीने तिला गुंगी आली, ती मीच दिली होती. डॉक्टर मुलगा रिंगखाली उभा होता. बाहेरची रेषा मोकळी होती.

नागपुरात शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. आज आई वॉकर घेऊन अंगणात फिरते. तेव्हा रुग्णालयाला मी कमी लेखतो आहे, असे कृपया समजू नका.

पण आपल्या जिल्ह्यांत मैदान फार मोठे आहे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यातले किती तास वाटेतच सरतील, हा हिशेब तुम्हीच करा. रिंगखालचा गडी इतका दूर असेल, तर बाहेरच्यावरच अधिक भिस्त ठेवावी लागते. गडचिरोलीने हे जगाला दाखवूनही दिले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतील नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले. त्या काळात रुग्णालय काही गावाजवळ सरकले नव्हते.

म्हणून आपल्या घरी कुणी वृद्ध असेल, तर आज रात्री दिवे मालवून त्यांच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत स्वतः चालून पाहा. हात कुठे आधार शोधतो, पाय कुठे अडखळतो, ते तिथेच कळेल. त्यांच्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा, एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि वडीलधाऱ्या वाचकांनो, रात्री उठताना दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर बसा, मगच उभे राहा.

माझा मुलगा पहाटे मोबाइलवर एनबीएचे सामने पाहतो. आई चहाचा कप घेऊन शेजारी बसते. परवा तिने विचारले, “त्या बुटक्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही का रे?” नातवाला उत्तर सुचले नाही.

न्हाणीजवळचा दिवा आता रात्रभर जळतो. वीज वाया जाते म्हणून आई कुरकुरते. बिल आले की मी ते तिच्या नजरेस पडू देत नाही.