ऊझबर्नच्या काठी

सरकारी नोकरीत तीस-बत्तीस वर्षे काढली म्हणजे माणसाला काही खोडी कायमच्या जडतात. आमची खोड अशी की, नव्या गावी पाऊल टाकले रे टाकले की तेथील जुन्या इमारतींची मनातल्या मनात नोंद घ्यायची. बांधकाम दगडी की विटांचे, छप्पर धड की गळके, ताबा कोणाचा आणि सध्याचा उपयोग काय? शेवटच्या रकान्यात लिहिण्याजोगे काही नसले की एकच शब्द हाताला सुचतो : 'निरुपयोगी'. या शब्दाने आमच्या हातून किती फायली निकालात निघाल्या असतील याची गणती नाही. निवृत्तीनंतरही ही खोड सुटली नाही. ती आमच्याबरोबर इंग्लंडात आली, आणि तेथेच तिला पहिली ठेच लागली.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे न्यूकॅसलला गेलो होतो. जावई आणि मुलगी दोघेही नोकरीवर. तेव्हा आठ वर्षांच्या नातवाला फिरवून आणण्याचे काम आमच्याकडे आले. खरे म्हणजे तोच आम्हांला फिरवी. एके दिवशी तो म्हणाला, "आजोबा, चला, तुम्हांला माझी नदी दाखवतो." शहराच्या पूर्वेकडे, उंच पुलांच्या खाली, खोल दरीत उतरून आम्ही ती नदी पाहिली. तिचे नाव ऊझबर्न. आपल्याकडे तिला कोणी ओढाच म्हटले असते. टाइन नदीला मिळण्यापूर्वीचा तिचा शेवटचा थोडासा प्रवास ज्या दरीतून होतो, ती दरी म्हणजे शे-दोनशे वर्षांपूर्वीचा एक प्रचंड कारखानाच होता.

सतराव्या शतकात फ्रान्सकडून आलेल्या काचकामगारांच्या घराण्यांनी येथे भट्ट्या पेटविल्या. येथून लंडनकडे कोळसा नेणारी गलबते परतताना रिकामी यायची नाहीत. तोल सांभाळण्यासाठी ती वाळू आणि गारगोटी भरून आणीत. तो माल स्वस्तात मिळे, म्हणून काच आणि चिनी मातीची भांडी यांचे धंदे फोफावले. मेलिंग या प्रसिद्ध घराण्याची कुंभारशाळा १८१७ मध्ये येथे आली. पुढे अळशीच्या धाग्याची गिरणी, पिठाच्या गिरण्या, शिशाचा कारखाना असा पसारा वाढत गेला. १८३९ मध्ये दरीवरून रेल्वेचा पूल झाला, १८७८ मध्ये रस्त्याचा. वरून गाड्या जात आणि खाली धूर कोंडे. मग विसाव्या शतकात एकेक धुराडे विझत गेले. मेलिंगांनी १९६३ मध्ये भट्टी बंद केली. उरल्या त्या काळ्या पडलेल्या भिंती, फुटकी तावदाने आणि ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा चिखल.

हे सर्व ऐकून आमच्यातल्या अंमलदाराने नोंदवहीचा शेवटचा रकाना भरण्यासाठी लेखणी उचलली होती. परंतु डोळ्यांपुढे वेगळेच काही होते.

नातवाने आम्हांला एका सात मजली जुन्या गिरणीत नेले. तिचे नाव 'सेव्हन स्टोरीज'. इंग्रजी उच्चारात 'सात मजले' आणि 'सात गोष्टी' हे दोन्ही अर्थ त्यात बसतात. २००५ मध्ये तेथे बालसाहित्याचे राष्ट्रीय केंद्र उघडले. लेखकांची हस्तलिखिते आणि चित्रकारांची मूळ चित्रे ही संस्था मोठ्या आस्थेने जतन करते. जेथे एके काळी पोती रचली जात, तेथे मुले जमिनीवर पालथी पडून पुस्तके वाचीत होती. शेजारीच 'क्लुनी'. जॉन डॉब्सन या नामांकित वास्तुशिल्पीने अळशीच्या गिरणीसाठी १८४८ च्या सुमारास उभारलेली ही इमारत पुढे पिठाची गिरणी झाली; नंतर तेथे व्हिस्कीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या, आणि आता तेथे संगीताच्या मैफली होतात. वरच्या मजल्यांवर चित्रकार, शिल्पकार, काचकाम करणारे यांच्या खोल्या. चार वेळा बदली होऊन प्रत्येक ठिकाणी इमानाने कामावर रुजू झालेला एखादा कर्मचारी पाहावा, तसे त्या इमारतीकडे पाहून आम्हांला वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिक्टोरिया बोगदा पाहिला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खाणीतून टाइनच्या धक्क्यापर्यंत कोळसा आणण्यासाठी १८४२ मध्ये तो सुरू झाला. उताराने भरल्या वाघिणी आपोआप खाली येत आणि रिकाम्या दोराने वर ओढल्या जात. १८६० मध्ये तो बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी हजारोंनी त्याच्या पोटात आश्रय घेतला. आता स्वयंसेवक लोकांना तो दाखवितात. आमचे वाटाडे आमच्याच वयाचे, निवृत्त गृहस्थ होते. आम्ही त्यांना विचारले, "हे सारे कोणत्या योजनेने घडले? खर्चास मंजुरी कोणी दिली?" ते हसले. म्हणाले, योजना मागाहून आली. आधी माणसे आली.

त्यांनी सांगितले ते असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी, जेव्हा या दरीला कोणी विचारीत नव्हते, तेव्हा काही कलावंत आणि एक नाटकमंडळी त्या रिकाम्या गिरणीत शिरली. कारण एकच : जागा स्वस्त होती. पुढे शेजारच्या धक्क्यावर मोठमोठ्या इमारती उठू लागल्या, तेव्हा आपली दरीही अशीच साफ होईल या धास्तीने स्थानिक लोक एकत्र आले आणि १९९६ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. बालसाहित्याचे केंद्र, २००९ चा नदीच्या मुखावरचा बंधारा, टॉफीच्या जुन्या कारखान्यातील कार्यालये हे सारे त्यानंतरचे. म्हणजे दरीला नवा जन्म मिळाला तो कोणी त्वरित निर्णय घेतला म्हणून नव्हे. काही वर्षे कोणीच निर्णय घेतला नाही, इमारतींना निरुपयोगी राहू दिले, म्हणून मिळाला.

या वाक्याशी आम्ही अडखळलो. आणि परतताना नातवाने नेमका तोच प्रश्न विचारला : "आजोबा, तुमच्याकडे अशी गिरणी आहे का?"

"होती," आम्ही म्हणालो.

"मग आता तिथं काय आहे?"

निमाडातील एका गावी, नदीकाठी, कापसाच्या जिनिंगचा जुना कारखाना होता. बंद पडून बरीच वर्षे झालेली. आम्ही नुकतेच तेथे रुजू झालो होतो आणि तुंबलेल्या फायली निकालात काढण्याची आम्हांला मोठी हौस होती. 'इमारत निरुपयोगी, पाडून जागा मोकळी करावी,' असा शेरा आम्ही मारला. कारणे खोटी नव्हती. भिंत कलली होती आणि आवारात मुले खेळत. पण कारखान्याच्या आत आम्ही कधी गेलो नाही. पाडकाम सुरू झाले त्या दिवशी तेथला म्हातारा चौकीदार बंगल्यावर आला. हात जोडून एवढेच म्हणाला, "साहब, भोंगा तो रहने दीजिए. सारा गाँव उसी से उठता था." कारखाना बंद पडल्यावरही कित्येक वर्षे तो रोज सकाळी त्या मुक्या भोंग्याखाली झाडून काढीत असे, हे आम्हांला मागाहून कळले. भोंगा भंगारात गेला. ती जागा मोकळी झाली. आमची बदली होईपर्यंत मोकळीच राहिली. नंतर एकदा त्या वाटेने जाण्याचा योग आला, तेव्हा तेथे ट्रक उभे होते.

"काही नाही, बाळ," आम्ही नातवाला सांगितले. त्याला ते खरे वाटले नाही. मुलांना 'काही नाही' ही गोष्ट पटत नाही.

ऊझबर्नचे गोडवे गावे आणि भरतवाक्य म्हणावे, एवढे हे सोपे नाही. त्या धुराड्यांखाली राबलेल्या माणसांना मैफलीची तिकिटे मिळाली नाहीत. टाइनकाठच्या पांढऱ्या शिशाच्या कारखान्यांत बायका विषारी धूळ श्वासात घेत. १८९८ मध्ये त्यांना घातक कामांतून दूर केले गेले. ते विष जमिनीत राहिले. शिशाच्या कारखान्याच्या जागी १९७६ मध्ये मुलांसाठी शेत केले, आणि पुढे मातीत शिसे सापडल्यामुळे ते बंद करून माती काढून टाकावी लागली. नदी पूर्वीचे सारे विसरली असे समजण्याचे कारण नाही. शिवाय, आता त्या दरीत मेलिंगांच्या नावाने नवी घरे उभी आहेत. ज्यांनी स्वस्त म्हणून ही जागा धरली आणि आपल्या कामाने तिला मोल आणले, त्यांनाच ते मोल उद्या परवडेल काय, ही चिंता आमच्या वाटाड्याच्या बोलण्यात होती. उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आमच्यापाशी कोठून असणार?

तथापि, या अंकाचे बरेच वाचक आज आम्ही एके काळी बसत होतो त्याच खुर्च्यांवर, घरापासून दूर, परक्या गावी बसलेले आहेत. त्यांच्या मेजावर एखाद्या नदीकाठच्या पडक्या शेडची फाइल आज ना उद्या येईलच. प्रत्येक पडवीचे नाट्यगृह होत नसते, आणि पडायला आलेली भिंत पाडावीच लागते, हे आम्ही जाणतो. आमचे सांगणे एवढेच की, शेरा लिहिण्यापूर्वी एकदा आत जाऊन यावे. दाराशी कोणी म्हातारा झाडू घेऊन उभा असेल, तर त्याला आधी बोलू द्यावे. एखादी फाइल वर्षभर तुंबली, तर बढती अडत नाही. आमची तरी अडली नसती.