मामाच्या घरी, सुट्टी संपल्यावरही

सुट्टीत मामाकडे आलेलं मूल आणि आईबापाचं छत्र गेल्यावर मामाकडे राहायला आलेलं मूल, यांतला फरक गृहभेटीला गेलं की उंबऱ्यातच कळतो. पहिलं हट्ट करतं. दुसरं कुणी न सांगता पाण्याची कळशी उचलतं, आणि घरचे कौतुकानं म्हणतात, ‘किती समजूतदार आहे!’ हा समजूतदारपणा पाहून माझ्या पोटात तुटतं.

बारामती तालुक्यातल्या सांगवी, माळेगाव या ऊसपट्ट्यात मी बालसंरक्षणाचं काम करते. ‘फॉस्टर केअर’ म्हटलं की परदेशातली अनोळखी कुटुंबं डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे मात्र असं मूल बहुधा आजी, मामी, चुलती यांच्याच पदराखाली वाढतं. राज्याची बालसंगोपन योजना त्यांनाही हातभार लावते. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे आणि ते अगदी योग्य आहे. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या जोतिराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत स्वतःच्या घरात वाढवला, त्याला डॉक्टर केलं.

योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी १,१०० मिळायचे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ही मदत चालू राहू शकते. अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक लागतं आणि घरासमोर पालकांसोबत काढलेला मुलाचा फोटोही.

अशाच एका फोटोसाठी सगळे दारात उभे राहिले. मामाची पोरं आईला खेटून, भाची मात्र तुळशीपाशी. ‘अगं, तू पण ये की,’ मामी म्हणाली. ती आली, पण हातभर अंतर ठेवूनच. मामी वाईट नव्हती; सकाळी तिनंच त्या पोरीच्या दोन वेण्या घातल्या होत्या. आत गेले तर मामेभावंडांचे कपडे कपाटात आणि हिचे खुंटीवरच्या पिशवीत. कपाटात जागा होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘राहू द्या मॅडम, परत जायचं झालं तर?’ वडील वारलेले, आईचं दुसरं लग्न झालेलं. आई न्यायला येणार की नाही, यावर तिच्यासमोर कुणी अवाक्षर काढत नव्हतं. तिला दुखवायचं नाही म्हणून सगळे गप्प होते आणि ती रोज वाट बघत होती.

हे दत्तक नव्हे. संगोपनात मुलाचं नाव, त्याचं जन्मदात्यांशी असलेलं नातं तसंच राहतं, म्हणून आईचा विषय टाळून चालत नाही. त्यातून नीरा ओलांडली की फलटण तालुका, म्हणजे सातारा जिल्हा. पलीकडच्या गावातून आलेल्या मुलाला ही नदी काही मोठी नाही, पण जिल्हा बदलला की बालकल्याण समिती बदलते आणि कागदांची फेराफेरी सुरू होते. तेवढ्या काळात त्याच्या ताटात कुणी कमी वाढत नाही. पण मोठ्यांचं पैशाचं बोलणं त्याच्या कानावर पडतंच.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानं मुलाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे. प्रत्यक्षात सगळ्यांसमोर विचारलं जातं, ‘इथं बरं वाटतं ना?’ आणि ते मान हलवतं. अशा होकाराला मी काडीची किंमत देत नाही. मी मुलांना शाळेत, एकटं भेटते. इथं का आलास, किती दिवस राहायचं, आई कधी भेटेल, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगायलाच हवं, उत्तर कडू असलं तरी.

त्या मुलीला मामीनं आणि मी मिळून सांगितलं. दोन दिवस ती नीट जेवली नाही. पुढच्या भेटीत मामी तक्रार करत होती: पोरगी मामेभावाशी टीव्हीवरून कडाकडा भांडली. मला त्या भांडणाचा मनापासून आनंद झाला, आणि मी तो मामीला बोलूनही दाखवला.

तुमच्या आळीत, वर्गात, नात्यात असं मूल असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करायला त्या घराला मदत करा. आजीला कागद जमवता येत नसतील तर तिच्यासोबत तलाठ्याकडे जा. कुठे जायचं हे कळत नसेल तर १०९८ वर फोन करा. आणि अर्ज भरताना त्या मुलालाही शेजारी बसवा, कशाचा कागद आहे ते त्याला वाचून दाखवा.