बदली

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात तेव्हा माझा ओटा पुसून कोरडा झालेला असतो. माहेरी बेळगावातही हेच होतं, पण तिथं संध्याकाळी मैत्रिणी होत्या, वाचनालय होतं. लग्न होऊन निपाणीला आले आणि ती लांबच लांब संध्याकाळ मला खायला उठायला लागली. पोथी वाचून झाली, स्वेटर विणून झाले, पापड-सांडगे झाले. आता गेली काही वर्षं मी त्या वेळात फुटबॉल बघते. तोही जपानच्या बायकांचा.

हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "का हो, जपानच का?"

त्याला कारण आमचा मुलगा. २०११ सालचा जुलै महिना. चातुर्मास नुकताच लागला होता. मध्यरात्र उलटून गेली तरी हॉलमध्ये दिवा दिसला म्हणून रागावून उठले, तर हा टीव्हीसमोर. जर्मनीत बायकांच्या वर्ल्डकपची फायनल चालली होती, अमेरिका आणि जपान. "आई, दोनच मिनिटं बस," म्हणाला. बसले ती पहाटेचे तीन वाजत आले तरी उठले नाही. जपान मागं पडलेलं, खेळ संपायला तीन-चार मिनिटं राहिलेली, आणि कोपऱ्यातून आलेल्या बॉलला त्यांच्या कॅप्टननं, होमारे सावानं, नुसता पाय लावून गोल केला. मग पेनल्टी. शेवटची पेनल्टी मारायला आली ती साकी कुमागाई, वय अवघं वीस. तिनं बॉल वरच्या कोपऱ्यात घातला आणि जपान जिंकलं. चार महिन्यांपूर्वीच, ११ मार्चला, त्या देशात भूकंप आणि त्सुनामीनं हजारो माणसं गेली होती, असं मुलगा सांगत होता. मी त्या वीस वर्षांच्या पोरीकडे बघत होते. मी एकविसाव्या वर्षी बी. ए. चा निकाल हातात पडायच्या आधी हळद लावून घेतली होती.

नंतर मुलगा विसरला, मी नाही विसरले. ती पोर पुढं कुठं गेली, हे मला कळायला हवं होतं. एक जुनी, दुधाच्या हिशेबाची वही होती, तिच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. कुमागाई: उरावा. २०११, फ्रँकफुर्ट. २०१३, फ्रान्समध्ये लिऑन. तिथं आठ वर्षं राहिली आणि युरोपातला सगळ्यात मोठा कप लागोपाठ पाच वेळा घेतला. २०२१, जर्मनीत बायर्न. २०२३, रोमा. जानेवारी २०२५ मध्ये लंडन सिटी. पाच देश झाले, त्यातल्या जर्मनीत दोनदा.

खरं सांगायचं तर मला मॅचपेक्षा या बदल्यांचीच गोडी जास्त. पेपरात पूर्वी 'बदली खेळाडू' वाचायचे, तो म्हणजे दुसरा दमला की आत येणारा. ही बदली वेगळी. इथं करार असतो आणि त्यावर तारीख असते, अमुक वर्षाच्या जूनपर्यंत मी तुमची. तारीख संपली की बाई मोकळी, पाहिजे तिथं जाईल. मधेच न्यायची असेल तर नव्या क्लबनं जुन्याला पैसे मोजायचे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि जानेवारीत, हा बाजार उघडतो. आणखी एक गंमत म्हणजे लोन. आपण विरजण उसनं आणतो तशी खेळाडू उसनी नेतात. माना इवाबुची आर्सेनलमध्ये होती, तिला २०२३ च्या जानेवारीत शेजारच्याच टॉटनहॅमनं उसनी नेलं होतं. काही झालं तरी कागदावर सही तिचीच लागते.

सगळ्याच बदल्या हौसेच्या नसतात. आया सामेशिमा फुकुशिमाच्या वीज कंपनीच्या संघातून खेळायची. अणुभट्टीचा अपघात झाला आणि संघच बंद पडला. ती अमेरिकेत बोस्टनच्या क्लबकडे गेली. पूर्वी जपानात बऱ्याच जणी दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सराव. बायकांची पूर्ण व्यावसायिक लीग तिकडं सुरू झाली ती २०२१ मध्ये. चांगल्या पोरी त्याआधीच बाहेर पडायला लागल्या होत्या. युई हासेगावा इटलीत मिलानला गेली, तिथून लंडनला वेस्ट हॅममध्ये, २०२२ ला मँचेस्टर सिटीत. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच क्लबात आणखी तिघी जपानी आल्या. मी वहीत लिहिलं, 'चार जावा, एक घर.'

त्यांच्या संघाला नादेशिको म्हणतात. नादेशिको हे एक नाजूक गुलाबी फूल. जुन्या जपानात आदर्श, सोशीक, घरंदाज बाईला या फुलाची उपमा द्यायचे. ते नाव २००४ मध्ये या घाम गाळणाऱ्या, चिखलात लोळणाऱ्या पोरींनी घेतलं. आपल्याकडे एखाद्या संघाला 'गृहलक्ष्मी' म्हणावं, तसंच की हे!

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचा. दिराचा जीव पाटाकडील तालमीत. एखादा पोरगा या पेठेतून त्या तालमीकडे गेला की दीर दोन दिवस भाकरी गोड लागत नाही म्हणायचे. माझी वही बघून ते म्हणाले, "वहिनी, ह्या बायका एका जागी टिकतच नाहीत की ओ!" मी म्हटलं, "भाऊजी, आपण तरी कुठं टिकलो? १ नोव्हेंबर १९५६ ला आपली अख्खी गावंच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. घरं जिथल्या तिथं, टीम बदलली. सही कुणाची विचारली होती?" ते हसले. मीही हसले, पण ते वाक्य माझ्याच मनात रुतून बसलं.

२०२२ मध्ये ह्या पोरी पुण्यात आल्या होत्या, बालेवाडीला, आशिया कपसाठी. आमच्या गावावरून जाणारा हायवे थेट तिकडं जातो. पण करोनाचे दिवस, कुठं जाणार? मोबाइलवरच बघितलं. सेमीफायनलला चीननं शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, पुन्हा पेनल्टी आल्या. कुमागाईची पेनल्टी अडवली गेली. फ्रँकफुर्टला जिंकून देणारी तीच, पुण्यात हरणारीही तीच. मला रडू आलं. हे म्हणाले, "काय करायलीस गं? तुझी कोण लागते ती?"

कोण लागते, ते मला गेल्या वर्षी कळलं.

सून बँकेत आहे. तिला प्रमोशन आलं, पण बदली हुबळीला. नातू तीन वर्षांचा. प्रमोशन नको म्हणून लिहून देता येतं, बऱ्याच बायका तसं देतात. रात्री सगळे बसलो. हे म्हणाले, पुढच्या वेळी बघू. मुलगा म्हणाला, तुझं तू ठरव, आणि मोबाइल बघत बसला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहून दे बाई. पोर लहान आहे. घर कोण बघणार?"

ती काही बोलली नाही. भांडी आवरताना नुसतं विचारलं, "आई, तुमची ती कुमागाई लंडनला गेली तेव्हा किती वर्षांची होती?"

"चौतीस."

"बरं," म्हणाली आणि झोपायला गेली.

मला झोप लागली नाही. तेविसाव्या वर्षी मी एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. कुणाला न सांगता, माहेरी गेले होते तेव्हा. मुलाखतीला बोलावल्याचं पत्र इकडं निपाणीला आलं. ते माझ्या हातात पडलंच नाही. सासऱ्यांनी परस्पर उत्तर पाठवलं, की उमेदवार इच्छुक नाही. मला ते कळलं दोन वर्षांनी, ट्रंक आवरताना. सासरे वाईट नव्हते. आजारपणात मला स्वतः पेज करून देणारे होते. त्यांना खरोखरच वाटलं असणार की हे माझ्या भल्याचंच आहे. ते पत्र मी पुन्हा ट्रंकेत ठेवलं आणि कुणाला एक शब्द बोलले नाही. तीस वर्षं मला त्या पत्राचा राग येत होता, आणि त्या रात्री मी सुनेला तेच उत्तर तोंडी सांगून मोकळी झाले होते. सासऱ्यांनी निदान माझ्यासमोर बसून माझ्याच तोंडून ते वदवून घेतलं नव्हतं.

जगातल्या बायका कुठून कुठं गेल्या, हे वहीत लिहायचं आणि घरातली एक निघाली की दार अडवायचं. मग ती वही कशाला? दुधाचाच हिशेब लिहावा त्यात.

सकाळी दर्शन करून आले. सून डबा भरत होती. मी म्हटलं, "हुबळीला जा."

"आणि बाळ?"

"बाळ तुझ्याबरोबर. आणि मीही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबांना कोण विचारणार?"

"मी विचारते."

विचारलं. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "किती दिवस?" मी म्हटलं, "सहा महिने. तारीख घालून देते."

हे लिहिते आहे ती हुबळीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. ह्यांना कुकरला खिचडी लावायला शिकवून आले. दिवस मावळायच्या आत जेवण झालं की फोन करतात. पहिल्या आठवड्यात भात करपला, आता बरा होतो म्हणे. मुलगा शनिवारी येतो. सून सातला दमून घरी येते, जेवते, आणि कधी कधी बाळाला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी मॅच बघत बसते. ऑफसाइड तिला अजून कळत नाही. मला तरी कुठं लवकर कळलं होतं?

वहीत परवा एक ओळ वाढवली. कुमागाईच्या खाली जागा होती. लिहिलं: 'मी. निपाणीहून हुबळी. सहा महिने, लोनवर.' आणि खाली सही केली.